एलजीबीटी मुलांसाठी सुरक्षित शाळा: अर्ज कुणाला, कसा आणि पुढे काय

मुख्यमंत्र्यांना पत्र लिहू नका. निदान पहिलं पत्र तरी नको. मी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे अशा पत्रांचं काय होतं ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. मंत्रालयातून ते शालेय शिक्षण विभागाकडे येतं, तिथून पुण्याला आयुक्तालयात, मग उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख. प्रत्येक टेबलावर त्याला "नियमानुसार उचित कार्यवाहीस्तव" एवढी एक ओळ चिकटते. शेवटी ते ज्यांच्या शाळेबद्दल असतं त्याच मुख्याध्यापकांच्या हातात पडतं. ते लिहून देतात, "अशी कोणतीही बाब निदर्शनास आलेली नाही." तोच कागद त्याच जिन्याने वर चढतो आणि प्रकरण निकाली निघतं.

हल्ली मी कॉलेजातली काही मुलं, काही आया आणि एक तरुण वकील अशा गटाला कागदपत्रांत मदत करते. गे, लेस्बियन, ट्रान्स मुलांना शाळेत सुखानं बसता यावं एवढंच त्यांचं म्हणणं. मोर्चा, प्राइड, व्याख्यानं हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मला जमतो तो कागद, म्हणून इथे फक्त कागदाचं सांगते. त्यातलं मुख्य सूत्र असं: खात्याकडे नवं काही मागायला जाऊ नका. जे करायला खातं आधीच बांधील आहे, तेच त्याच्या भाषेत मागा.

मागायचं काय

"आमच्या मुलांना स्वीकारा" ही मागणी खरी आहे, पण तिच्यावर कारकुनाला टिपणी लिहिता येत नाही. "नववीच्या वर्गातल्या छळाची सात दिवसांत चौकशी करा" यावर लिहिता येते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल बहुतेकांच्या तोंडावर असतात: १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा, ज्याने ट्रान्स व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेजसिंग जोहर, ज्याने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. संदर्भात त्यांना एकेक ओळ द्या आणि पुढे चला. मुख्याध्यापक ३७७ ला घाबरत नाहीत, ते शाळेच्या कायद्यांना घाबरतात.

त्यातला पहिला म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७ प्रमाणे कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. पीटीचे सर एखाद्या मुलाला "तू पोरींच्या रांगेत उभा राहा" म्हणतात आणि मैदान हसतं, ते इथे बसतं. अडचण एकच, हा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. आणि माझा इतक्या वर्षांच्या तपासण्यांचा अनुभव असा की खरा त्रास नववी-दहावीत असतो. आवाज फुटतो, मिसरूड येतं, आणि ज्याची चाल-बोली वेगळी त्याच्यावर वर्ग तुटून पडतो.

तिथे उपयोगी पडतो महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. हा मेडिकलच्या होस्टेलसाठी आहे असा समज इतका पक्का आहे की शाळेच्या अर्जात तो कुणी लिहितच नाही. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या रुंद आहे. रॅगिंगच्या व्याख्येत चिडवणं, शिवीगाळ, धमकी, चेष्टा हे सगळं येतं, इतकंच काय, विद्यार्थ्याला लाज वाटेल असं वर्तनही येतं. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणीही लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर त्याने स्वतः अपप्रेरणा दिली, म्हणजे रॅगिंगला साथ दिली, असं धरलं जातं. हे शेवटचं वाक्य मुख्याध्यापकांनी वाचलं की खोलीतला आवाज बदलतो.

एक इशारा मात्र देते. तक्रारीत तथ्य दिसलं तर छेडणाऱ्याचं निलंबन आणि पोलीस अशी पुढची पायरी याच कायद्यात आहे. समोरचाही चौदा-पंधरा वर्षांचा पोरगाच असतो. मला स्वतःला कुणाच्याही पोराचं नाव पोलीस डायरीत गेलेलं आवडत नाही. म्हणून बहुतेक वेळा आधी तोंडी भेट घेऊन हा कायदा नुसता समोर ठेवावा आणि लेखी तक्रार बॅगेत ठेवावी. मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र थांबू नका, लगेच द्या.

ट्रान्स मुलांसाठी वेगळा कायदा आहे: उभयलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९. तो जानेवारी २०२० पासून लागू झाला. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेने भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायची, हे त्याचं कलम १३. आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमायचा, हे कलम ११. गे किंवा लेस्बियन मुलाच्या अर्जात मात्र हा कायदा घालू नका. "सदर अधिनियम लागू नाही" एवढ्या एका वाक्यावर बाकीचा अख्खा अर्ज बाजूला टाकतात.

शिवाय आपल्या राज्यात सखी सावित्री समिती आहे, शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची. मार्च २०२२ चा शासन निर्णय आहे, शाळा, केंद्र (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर समिती हवी. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शासनाने तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि ही समिती यांची पुन्हा आठवण करून दिली. बऱ्याच शाळांत समितीचा फ्लेक्स लागलेला असतो आणि इतिवृत्त कोरं असतं. तुम्हाला नवी समिती मागायची गरज नाही, याच समितीच्या पुढच्या सभेत आपला विषय घ्यायला लावा.

मूल आधी, अर्ज नंतर

अर्जात मुलाची ओळख कधीही लिहायची नाही. तो गे आहे, ती लेस्बियन आहे, हे तक्रारीला लागतच नाही. तक्रार इतरांनी काय केलं याची आहे. ज्याला रोज चिडवतात तो मुलगा कदाचित नुसता हळू बोलणारा असेल, आणि त्यालाही तेवढंच संरक्षण आहे.

असं का म्हणते ते सांगते. शाळेची पहिली हालचाल ठरलेली असते, वडिलांना फोन. "तुमचा मुलगा जरा तसला वाटतो, लक्ष द्या." फोन करणाऱ्या बाई चांगल्या मनाच्या असतात, पण त्या संध्याकाळी घरात काय होतं ते त्यांना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मूल गैरहजर, आठवड्याने शाळा सोडल्याचा दाखला. म्हणून मुलाशी बोलताना पहिला प्रश्न: घरी माहीत आहे का? माहीत नसेल आणि घर कडक असेल, तर १९९९ च्या कायद्याखाली तक्रार वर्गशिक्षकांकडून करून घ्या, कारण तेही करू शकतात. अर्जात एक ओळ हमखास घाला: "घरी कळविण्यापूर्वी संबंधित विद्यार्थ्याशी बोलून त्याचे म्हणणे विचारात घ्यावे."

एका बाबतीत मात्र पर्याय नसतो. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगू लागलं, तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नका. १०९८ ही चाइल्डलाइन आहे, आणि मन खचलेलं वाटलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

शाळा समुपदेशकाकडे पाठवते तेव्हाही चौकशी करा. "ठीक करून देतो" म्हणणारे अजून आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये एस. सुषमा प्रकरणात अशा 'उपचारां'ना मनाई करायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. ही दोन वाक्यं पाठ असू द्या.

वही आणि पोच

शंभर पानी साधी वही घ्या. तारीख, तास, जागा, कोण, काय म्हटलं. शिवी जशीच्या तशी लिहा. फुल्या मारू नका, "अपशब्द" असं तर मुळीच लिहू नका. "मुलास चिडवले जाते" हे वाक्य मी अधिकारी म्हणून शेकडो अर्जांत वाचलं असेल आणि ते वाचून काहीही झालेलं नाही. "तिसऱ्या तासाला फळ्यावर 'बायल्या' आणि खाली हजेरी क्रमांक लिहिलेला होता, सरांनी तो पुसला आणि धडा सुरू केला" हे वाचलं की कुणालाही थांबावं लागतं. जागांवर विशेष लक्ष ठेवा: मुतारी, पीटीचा तास, शाळेची बस, आणि स्नेहसंमेलनाची तालीम. स्नेहसंमेलनात मुलाला साडी नेसवून हशा पिकवणारी नाटुकली बसवतात, त्यातला संवाद महिनाभर वर्गात फिरतो.

अर्ज एक पान. असा काहीसा:

प्रति, मा. मुख्याध्यापक.
विषय: इयत्ता नववीच्या वर्गात लिंगभाव व लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाची चौकशी होणेबाबत.
संदर्भ: १) महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. २) सखी सावित्री समितीबाबतचा शासन निर्णय, मार्च २०२२.
महोदय, वरील विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सोबतच्या तक्त्यात नमूद केलेल्या दिनांकांस व ठिकाणी विद्यार्थ्यांस उद्देशून अपमानास्पद उद्गार काढण्यात आले. सदर बाबींची संदर्भ क्र. १ नुसार सात दिवसांत चौकशी करावी, हा विषय सखी सावित्री समितीच्या पुढील सभेत घ्यावा व केलेली कार्यवाही लेखी कळवावी. चौकशीत कोणत्याही विद्यार्थ्याची ओळख उघड करू नये.

"होणेबाबत", "विषयान्वये", "सदर" यांना हसू नका. ही भाषा दिसली की कारकुनाला कळतं, माणूस पुन्हा येणार. संदर्भात शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक शासनाच्या संकेतस्थळावरून बघून घाला. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, मॅडम आल्या की देतो" म्हणाले तर ठेवून येऊ नका. सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीत चिकटवा. उत्तर नाही आलं तर गटशिक्षणाधिकारी, माध्यमिक शाळा असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). तिथेही फाइल पडून राहिली तर ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो २००५ चा अधिनियम दाखवा. एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडकता कामा नये. केंद्रीय मंडळाची इंग्रजी शाळा असेल तर ती जिल्हा परिषदेला फारसं जुमानत नाही, तिथे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जा.

भेटीत शाळेकडून फुकटात होणाऱ्या गोष्टी मागा. रांगा मुलगे-मुली अशा न लावता उंचीप्रमाणे. आतून कडी लागणारी एक मुतारी कुणालाही वापरता येईल अशी. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोरून हलवून जिन्याखाली, कारण दारासमोरच्या पेटीत कुणीही चिठ्ठी टाकत नाही.

एका शाळेतून राज्याकडे

एका शाळेत झालेलं काम मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जातं. ते टिकवायचं तर परिपत्रक पुण्याहून निघायला हवं, आणि त्यासाठी "आमच्याकडे तक्रारी येतात" हे पुरत नाही. खात्याचेच कागद खात्याला दाखवावे लागतात. ते माहितीच्या अधिकारात मिळतात.

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, तेव्हा निबंध लिहू नका. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, किंवा ऑनलाइन. शिक्षणाधिकाऱ्यांना विचारा: जिल्ह्यात किती शाळांत सखी सावित्री समिती आहे, गेल्या वर्षी किती सभा झाल्या, त्यांच्या इतिवृत्तांच्या प्रती. दुसऱ्या अर्जात: २०१९ च्या अधिनियमाखाली किती शाळांनी तक्रार अधिकारी नेमला. तिसऱ्यात: लिंगभाव आणि लैंगिक कल या विषयावर शिक्षकांची किती प्रशिक्षणं झाली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचं तिकीट लावून जोडपत्र 'ब'मध्ये पहिलं अपील.

बहुतेक उत्तर येतं "निरंक", म्हणजे काहीच नाही. लोक नाराज होतात. मी म्हणते, पेढे वाटा. सही-शिक्क्यासह खात्याने कबूल केलं की काहीही झालेलं नाही, यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला सर्वेक्षण करूनही मिळाला नसता. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या मित्रांना हेच अर्ज शब्दशः टाकायला सांगा म्हणजे उत्तरं एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडता येतात. मुंबईची हमसफर ट्रस्ट, पुण्याची समपथिक आणि पालकांचा 'स्वीकार' गट यांच्यासारख्या संस्थांच्या ओळखी या वेळी कामाला येतात.

मग तक्ता घेऊन तीन दारं. शिक्षण आयुक्त, कारण परिपत्रक तिथून निघतं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, कारण शिक्षकांचं प्रशिक्षण तिथे ठरतं. ही दोन्ही पुण्यात, सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतात. तिसरं दार आमदारांचं, आणि इथे लोक हमखास आपल्या मतदारसंघाच्या आमदाराकडे धावतात. त्यांच्याकडे रस्ते, पाणी आणि बदल्या यांचीच रांग असते. विधान परिषदेत शिक्षकांनी निवडून दिलेले सात आमदार असतात, त्यांच्याकडे जा. शाळेचं परिपत्रक हा त्यांचा रोजचा विषय, आणि विभागाचे अधिकारी त्यांचा फोन उचलतात. जाताना तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) तयार करून न्या, चार ओळींचा, निरंकच्या उत्तरांसह. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात गेलात तर चहा मिळेल, प्रश्न लागणार नाही, बरंच आधी जा.

शिक्षक संघटना आणि मुख्याध्यापक संघ यांना वगळून काही करू नका. ते म्हणतील, आणखी एक अशैक्षणिक काम. तक्रार खोटी नाही, मीही त्यांच्यावर कमी नोंदवह्या लादल्या नाहीत. त्यांना सांगा: नवी समिती नाही, नवी वही नाही, केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून एकदा दोन तास आणि असलेल्या समितीच्या अजेंड्यावर एक विषय. एका संघटनेचं पाठिंब्याचं पत्र मिळालं की आयुक्तालयातला सूर बदलतो.

विरोध येणारच. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शालेय अभ्यासक्रम आणि पुस्तकं करणाऱ्या केंद्र सरकारच्या परिषदेने, ट्रान्स मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी प्रशिक्षण साहित्य आणलं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार गेली, आयोगाने एनसीईआरटीला लिहिलं आणि काही दिवसांतच ते साहित्य संकेतस्थळावरून गेलं. तज्ज्ञांनी मेहनतीनं केलेलं काम होतं, पण गदारोळ सुरू झाला तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणारे पालक आणि मुख्याध्यापक कुणाला दिसले नाहीत. म्हणून निवेदनावर पहिल्या सह्या पालकांच्या घ्या. पत्रकार परिषद करायची तर बोलायला आई बसवा, विद्यार्थ्याला कॅमेऱ्यासमोर कधीही नाही. आणि "संस्कृती" हा शब्द समोरून आला की वादात न पडता अर्जातला सात दिवसांचा मुद्दा पुन्हा वाचा. कंटाळवाणं वाटतं, पण कंटाळवाण्या माणसाविरुद्ध मोर्चा काढणं अवघड असतं.

कधी कधी कोर्टाचं दार आधी उघडतं. एस. सुषमा प्रकरण दोन मुलींच्या सुरक्षेच्या याचिकेवरून सुरू झालं, न्यायालय ते लावून धरत गेलं आणि २०२२ मध्ये तमिळनाडूने पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच एलजीबीटी लोकांना त्रास देण्याविरुद्ध तरतूद केली. केरळने ट्रान्सजेंडर धोरण २०१५ मध्येच आणलं होतं. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरणाला मंजुरी दिली. ते सामाजिक न्याय विभागाचं आहे. शाळा त्या विभागाकडे नाहीत, म्हणून धोरणाची प्रत घेऊन शालेय शिक्षण विभागाला "आपल्या स्तरावर काय कार्यवाही झाली" हे लेखी विचारत राहा. दोन खात्यांच्या मधल्या फटीत चांगली धोरणं पडून राहतात.

परिपत्रकानंतर

परिपत्रक निघालं की सत्कार-बित्कार करून लोक घरी जातात. माझ्या कारकिर्दीत मी कपाटं भरतील एवढी परिपत्रकं पाहिली आणि त्यातली जी शाळेपर्यंत पोचली ती एकाच कारणाने पोचली: शाळा तपासणीच्या नमुन्यात त्यांचा रकाना होता. रकाना असला की विस्तार अधिकाऱ्याला विचारावं लागतं, मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं, आणि रिकामा रकाना वर गेला की फोन येतो. परिपत्रकाच्या मसुद्यातच म्हणा की तपासणी नमुन्यात ही नोंद घ्यावी.

आणि त्या रकान्याचा मथळा तुम्ही स्वतः लिहून द्या, कार्यालयावर सोडू नका. "लिंगभाव व लैंगिक कलावरून आलेल्या तक्रारी / सात दिवसांत चौकशी झालेल्या / सभेचा दिनांक" असा. सोडलंत तर कुणीतरी सवयीने "एलजीबीटी विद्यार्थी संख्या" असं छापेल, आणि आकडा भरायचा म्हणून एखादे मुख्याध्यापक नववीच्या वर्गात जाऊन हात वर करायला सांगतील.